पोथीची समाप्ती : नाझऱ्याचे श्रीधरस्वामी आणि मराठी घरातली पहिली ग्रंथमालिका

२१ जुलै २००७ रोजी हॅरी पॉटर मालिकेचा सातवा आणि अखेरचा भाग विक्रीला आला. १९९७ साली ज्या मुलांनी पहिला भाग हाती घेतला होता, ती तोवर विशीच्या घरात पोहोचली होती. बालपणभर सोबत करणारी गोष्ट शेवटच्या पानाशी आली की मनात जी हुरहुर दाटते, तिच्याविषयी त्या काळात जगभर पुष्कळ लिहिले गेले.

मराठी घरांना ही हुरहुर फार पूर्वीपासून ठाऊक होती. एवढेच नव्हे, तर त्या घरांत गोष्टीच्या शेवटासाठी ठरलेला शब्द होता, ठरलेला दिवस होता आणि त्या दिवशी बहुधा पुरणाचा स्वयंपाकही होता. तो शब्द म्हणजे ‘समाप्ती’. पोथी कोणी ‘वाचून संपवली’ असे म्हणत नसे. पोथीची समाप्ती होत असे. हा थ्रेड त्या समाप्तीचा, आणि ज्यांच्या ग्रंथांनी ती सवय घरोघरी रुजवली त्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका कवीचा आहे.

सांगोला तालुक्यात माण नदीच्या काठी नाझरे नावाचे गाव आहे. श्रीधरस्वामी नाझरेकर यांचा जन्म इथे १६५८ साली झाला. वडील ब्रह्माजीपंत पुढे संन्यास घेऊन ब्रह्मानंद झाले आणि पंढरपुरात राहिले. मुलाने त्यांनाच गुरू मानले. श्रीधरस्वामींच्या ग्रंथांत अध्याय संपताना ब्रह्मानंद हे नाव पुन्हा पुन्हा येते. ते वडिलांचे नाव आहे, गुरूचे आहे आणि परब्रह्माच्या आनंदाचेही आहे. तिन्ही अर्थ एका शब्दात बसवण्याची ही सोय कवीने आयुष्यभर वापरली. रामदासपंचायतनात गणले जाणारे रंगनाथस्वामी निगडीकर हेही याच नाझऱ्याच्या घराण्यातले. म्हणजे घरात अध्यात्म होते आणि ओवीही होती.

काळ मात्र ओवी रचत बसण्याजोगा नव्हता. श्रीधरस्वामी वर्षाचे होते तेव्हा, १६५९ साली, अफझलखानाची फौज पंढरपूरच्या वाटेने पुढे सरकली. ते सदतिशीत असताना खुद्द औरंगजेबाने भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला तळ दिला. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे मोगल साम्राज्याची राजधानी व्यवहारतः आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या त्या नदीकाठच्या छावणीत होती. माचणूरचा किल्ला त्या मुक्कामाची खूण म्हणून अजून उभा आहे. पंढरपूर तिथून फार दूर नाही. चारा, धान्य, बैल, माणसे, सारे काही त्या छावणीच्या तोंडी जात असणार, हे समजायला कागद उलगडण्याचीही गरज नाही. पंढरीची मूर्ती या धामधुमीत गावाबाहेर हलवून सांभाळली जाई, ही आठवण या भागात अजून सांगितली जाते.

छावणी उठून तीन वर्षे झाली, आणि शके १६२४ मध्ये, म्हणजे १७०२ साली, ‘हरिविजय’ पुरा झाला. अध्याय ३६. विषय कृष्णचरित्र. दुसऱ्याच वर्षी, १७०३ मध्ये, ‘रामविजय’, अध्याय ४०. त्यानंतर नऊ वर्षांनी, १७१२ मध्ये, ‘पांडवप्रताप’, अध्याय ६४. त्या नऊ वर्षांत औरंगजेब दख्खनेतच मरण पावला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला आणि ताराबाई व शाहू यांच्यात गादीचा तंटा पेटला. एकाच कुळातल्या दोन पक्षांच्या युद्धाची कथा त्याच सुमारास रचली जावी, हा योग मोहात पाडणारा आहे. तरी त्यावर फार इमारत रचू नये. श्रीधरस्वामींचे लक्ष दरबारावर नव्हते. ते समोर बसलेल्या श्रोत्यांवर होते, आणि त्या श्रोत्यांना शेवटापर्यंत नेण्यावर होते.

हा ‘शेवटापर्यंत’ शब्द इथे महत्त्वाचा आहे. श्रीधरस्वामींच्या आधीचे मराठी वाङ्मय मोठे होते, पण रामायण-महाभारताच्या बाबतीत ते अर्धवट राहून गेलेले होते. एकनाथांनी आयुष्याच्या अखेरीस ‘भावार्थ रामायण’ हाती घेतले. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत ते आले आणि १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. राम आणि रावण अजून रणांगणावरच होते. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. परंपरेत गावबाची ओळख साधाभोळा शिष्य अशीच आहे. गुरूची अपुरी पोथी शेवटास नेणारा तोच निघाला. एकनाथांचे दौहित्र मुक्तेश्वर यांनी महाभारत मराठीत आणले, ते फार तेजस्वी आहे. पण त्यांची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक अशी पाचच पर्वे आज हाती आहेत. कुरुक्षेत्रावरचे मुख्य युद्धच त्यात नाही. विराटाच्या घरचा अज्ञातवास ऐकून उत्कंठित झालेल्या श्रोत्याला पुढे एकदम युद्धाच्या अखेरची काळरात्र गाठावी लागे.

म्हणून ‘पांडवप्रताप’ हे केवळ आणखी एक महाभारत नव्हते. कौरव-पांडवांच्या पूर्वजांपासून स्वर्गारोहणापर्यंत सगळी कथा, एका हाताची, एका चालीची, एका घरात मावेल एवढी, ६४ बैठकांत पुरी होणारी अशी मराठीत मिळाली. भागवत, हरिवंश, वाल्मीकी, जैमिनी, शिवाय पूर्वीचे मराठी कवी, जे जिथे रसाळ दिसले ते त्यांनी घेतले. मूळ संहितेशी इमान राखण्याची आजची कल्पना त्यांना लावली तर ते नापास होतील. संपूर्ण गोष्ट सांगण्याची कसोटी लावली तर त्यांच्या तोडीचा दुसरा कवी त्या शतकात शोधावा लागेल.

तीन मोठे ग्रंथ झाले. मग ‘जैमिनी अश्वमेध’ आला. साठीच्या सुमारास, शके १६४० मध्ये, बारामतीला असताना त्यांनी ‘शिवलीलामृत’ पुरे केले, अध्याय १४. विष्णुभक्त पंढरपुरात राहणाऱ्या कवीने शिवाच्या कथा गाव्यात यात त्या काळच्या श्रोत्यांना काही विसंगत वाटले नाही. १७२९ मध्ये श्रीधरस्वामी गेले. हाती घेतलेला कोणताही मोठा ग्रंथ त्यांनी मागे अपुरा ठेवला नाही.

आता थोडा हिशेब. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. पावसाचे दिवस, शेतकऱ्याला संध्याकाळी घरी बसायला सवड, आणि काहीतरी पोथी लावण्याचा नेम. आषाढी एकादशीला ‘पांडवप्रताप’ लावला आणि तिथीला एक अध्याय वाचला, तर ६४ वा अध्याय येतो भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे अनंत चतुर्दशीला. गणपती निघाले की पांडवही निघाले. दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला ‘रामविजय’ लावावा. त्याचे ४० अध्याय अश्विन वद्य नवमीला पुरे होतात, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. त्यापुढे ‘शिवलीलामृता’चे १४ अध्याय घेतले तर कार्तिक शुद्ध अष्टमी उजाडते, आणि कार्तिकीच्या वारीला तीन दिवस उरतात. एकूण ११८. तिथींची वृद्धी-क्षय आणि अधिक महिना आला की गणित मागेपुढे होते, आणि सगळी घरे याच क्रमाने वाचत असे मुळीच नाही. कुणी श्रावणात हरिविजय लावत, कुणी वर्षभर एकच पोथी चालवत. तरीही हे ग्रंथ माणसाच्या वर्षात किती नेमके बसतात, ते या हिशेबावरून दिसते. आजच्या भाषेत सांगायचे तर मालिकेचे भाग ठरलेले होते आणि हंगामही.

पोथी ही वस्तू कशी होती, हेही पाहिले पाहिजे. आजच्या पुस्तकासारखी ती शिवलेली नसे. आडवी, लांबट, सुटी पाने. खाली-वर लाकडी फळी. सगळे बासनात घट्ट बांधलेले. वाचणारा पाटावर, पोथी चौरंगावर, शेजारी समई. पान वाचून झाले की ते उचलून पलीकडे पालथे ठेवायचे. डावीकडचा गठ्ठा वाढत जातो, उजवीकडचा कमी होतो. शेवट किती दूर आहे हे न वाचता येणाऱ्या श्रोत्यालाही डोळ्यांनी दिसते. लहान मुलांना हे गठ्ठे मोजण्यात किती रस असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

छापखान्याआधी ही पाने बोरूने लिहिली जात. नकलनवीस महिनोन्‌महिने बसून एक ‘पांडवप्रताप’ उतरवत असे, आणि अखेरच्या पानावर स्वतःचे नाव, गाव, शक, तिथी घालून वाचणाऱ्याला विनंती करत असे : समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे मी लिहिले, चूक असेल तर मला दोष देऊ नये, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथीला जपावे. या ओळी संस्कृतात आहेत आणि शेकडो पोथ्यांत जवळजवळ तशाच सापडतात. तरी त्या वाचताना पाठ आणि बोटे दुखलेला एक माणूस समोर उभा राहतो. कवीची समाप्ती एकदाच झाली. प्रत्येक नकलेची समाप्ती मात्र वेगळी होती.

लिपीचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्या काळात हिशेब, पत्रे, महसुलाचे दप्तर हे सारे मोडीत चाले. पोथी मात्र बाळबोधात, म्हणजे आज ज्याला देवनागरी म्हणतात त्या लिपीत. कुलकर्ण्याच्या घरातला मुलगा मोडी शिकला तो पोटासाठी. बाळबोध शिकला, याचा पहिला प्रत्यक्ष उपयोग पुष्कळदा हाच, की संध्याकाळी आजीला पोथी वाचून दाखवायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सरकारी शाळांतून आणि छापील पुस्तकांतून बाळबोध पसरली. शाळेत क्रमिक पुस्तक, घरी पोथी. शाळेतले धडे परीक्षेपुरते होते. घरच्या वाचनाला मात्र रोजचे श्रोते होते, आणि ते श्रोते चूक लगेच पकडत, कारण त्यांना वाचता येत नसले तरी कथा पाठ होती.

घराघरांतल्या या व्यवस्थेत नात्यांची उलटापालट होई. ज्या बाईने नातवाला गोष्टी सांगून वाढवले, तिलाच आता नातू गोष्ट वाचून दाखवणार. त्या पिढीतल्या बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचायचा तो दुसऱ्याच्या आवाजातूनच. तो आवाज पुराणिकबुवांचा असला तर देवळात जायचे, वेळ पाळायची, दक्षिणा ठेवायची. दहा वर्षांच्या नातवाचा असला तर भाजी निवडता निवडता ऐकता येई. मराठी स्त्रियांच्या ओव्यांत, म्हणींत, एकमेकींना मारलेल्या टोमण्यांत द्रौपदी, सीता, चांगुणा इतक्या सहज येतात, त्यामागे अशा हजारो संध्याकाळी आहेत. चिलया बाळाची कथा ऐकून रडली नाही अशी आजी सापडणे कठीण होते. ती कथा ‘शिवलीलामृता’त आहे.

मुलांना ही पोथी आवडावी अशी तिची घडण होती. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. नुकते वाचायला शिकलेल्या मुलालाही चाल सापडते आणि श्वास कुठे घ्यायचा ते कळते. शब्द घरातले. उपमा एकामागून एक येतात, कधीकधी जरा जास्तच. काव्यरसिक त्यांना कंटाळतात, पण ऐकणाऱ्याचा धागा मध्येच सुटला असेल तर तो पुन्हा धरायला त्याच उपमा उपयोगी पडतात. शिवाय प्रसंगांची निवड. लोणी चोरणारा कृष्ण, शेपटीने लंका पेटवणारा मारुती, अंधारात सैरंध्रीच्या जागी जाऊन बसलेला आणि कीचकाला चेपणारा भीम, अंतःपुरात बायकांपुढे फुशारक्या मारणारा आणि कौरवांचे सैन्य दिसताच रथातून पळणारा राजपुत्र उत्तर. उत्तराच्या फजितीवर हसायला वेदान्त कळावा लागत नाही.

पंडितांनी श्रीधरस्वामींना पहिल्या पंक्तीत बसवताना नेहमी थोडी खळखळ केली आहे. त्यांच्यापुढे तुलनेला मोरोपंत येतात. योग पाहा : श्रीधरस्वामी गेले त्याच १७२९ साली मोरोपंत जन्मले, आणि ज्या बारामतीत ‘शिवलीलामृत’ पुरे झाले तिथेच मोरोपंतांनी आयुष्य काढून आर्यावृत्तात महाभारत रचले. मोरोपंतांची आर्या रेखीव, श्लेषयमकांनी ठासलेली, संस्कृतप्रचुर. ती सामान्य श्रोत्यापर्यंत नेण्यासाठी मोठ्या ताकदीचा कलावंत लागला, आणि तोही सोलापूरचाच निघाला. शाहीर राम जोशी, १७६२ ते १८१२. आधी लावणीचा फड गाजवणारे, मग मोरोपंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळलेले. त्यांनी पंतांच्या आर्या डफ-तुणतुण्यावर पोसलेल्या आपल्या गळ्याने गावोगाव पोहोचवल्या. श्रीधरस्वामींच्या ओवीला असा राम जोशी लागला नाही. तिला अक्षर जुळवता येणारे एक मूल पुरत होते. काव्य म्हणून कोण थोर, हा वाद साहित्याच्या वर्गात चालू राहावा. कोणाचा ग्रंथ अधिक घरांत शेवटच्या पानापर्यंत गेला, याविषयी वाद नाही.

समाप्तीचा दिवस कसा असे? आदल्या दिवशीपासून घरात लगबग. शेजारच्या बायका, ज्यांनी अधूनमधून कोपऱ्यात बसून ऐकलेले असते, त्यांनाही बोलावणे जाई. शेवटचा अध्याय नेहमीपेक्षा सावकाश वाचला जाई. मग पोथीची पूजा : हळदकुंकू, फुले, तुळस किंवा बेल. नैवेद्य. वाचणाऱ्याला नमस्कार, मग तो घरातला लहान मुलगा का असेना. बाहेरचा वाचक असेल तर धोतर, उपरणे, शिधा. ग्रंथाच्या शेवटी फलश्रुती असे; ऐकणाऱ्याची संकटे टळतील, संतती-संपत्ती लाभेल, वगैरे. इतिहासाच्या अभ्यासकाला या आश्वासनांपेक्षा एक वेगळी गोष्ट जास्त लक्षणीय वाटते. संपूर्ण ग्रंथ ऐकण्याला पुण्य जोडल्यामुळे अर्धे सोडून उठायची सोय राहत नसे. घरात कोणी आजारी पडले, कोणी परगावी गेले, तरी पोथी कुणीतरी पुढे न्यायची. लावलेली पोथी तशीच टाकणे हे लोकांना खटकत असे.

याच्या उलट्या बाजूचा एक समजही मराठी घरांत होता आणि अजून आहे : महाभारत घरात वाचू नये, भाऊबंदकी माजते. त्या समजासह ‘पांडवप्रताप’ मात्र निर्धास्तपणे वाचला जाई. कथा तीच, वैर तेच, संहारही तोच. नावात युद्धाऐवजी पांडवांचा प्रताप आहे आणि अध्यायाअखेर पंढरीनाथाचे नाव येते, एवढ्याने शंका मिटत असावी. लोकश्रद्धेची ही तडजोड मोठी लोभस आहे. कथाश्रवणातला आणखी एक संकेत असा, की दिवसाचे वाचन अशुभ प्रसंगावर थांबवू नये. शक्तीने मूर्च्छित पडलेल्या लक्ष्मणाला रात्रभर तसाच ठेवून उठायचे नाही. मारुती वनस्पती घेऊन येईपर्यंत बसायचे. मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की युद्धकांडात जागरण ठरलेले.

काहींना शेवट सोडवतच नाही, हेही जुनेच. ‘शिवलीलामृत’ १४ अध्यायांत पुरे झाले. कवीने शक, स्थळ सारे नोंदवून ग्रंथ बंद केला. तरी बाजारातल्या पुष्कळ छापील प्रतींत १५ वा अध्याय असतो. तो श्रीधरस्वामींचा नाही, नंतर कोणीतरी जोडलेला आहे. आवडत्या लेखकाची मालिका संपल्यावर चाहते स्वतःच पुढचे प्रकरण लिहितात, तो प्रकार आंतरजालाने शोधून काढलेला नाही.

छपाई आली आणि पोथी बदलली. मुंबई-पुण्यात शिळाप्रेसवर पोथ्या निघू लागल्या. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी, १८६९ नंतर, सुबक खिळ्यांत अशा ग्रंथांना नवे रूप दिले. गंमत अशी, की छापील असूनही कित्येक वर्षे तिचा आकार जुनाच ठेवला गेला : आडवी, सुटी पाने. लोकांना शिवलेले पुस्तक पूजेला ठेवायला अवघड वाटत असावे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, आणि १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपुरात आली. वारीला आलेला माणूस बुक्का, तुळशीमाळ, चुरमुरे-बत्तासे घेई, तशीच एखादी पोथीही घेऊन जाई. जो ग्रंथ मिळवायला पूर्वी नकलनवीस, कागद आणि कित्येक महिने लागत, तो आता पिशवीत घालून गावी नेता येऊ लागला.

यात एक सामाजिक उलथापालथही होती, आणि ती पंढरपूरच्याच संदर्भात पाहिली पाहिजे. विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे ते उघडले. देवळातले पुराण कोणी कुठे बसून ऐकायचे, याचे नियम कडक होते. मंदिराच्या वाटेवरच्या दुकानात मांडलेली छापील पोथी मात्र पैसे देणाऱ्याची जात विचारत नव्हती. ज्याच्या घरात शाळेत जाणारे एक मूल आहे, त्याच्या घरी पंढरीच्या कवीची कथा शेवटापर्यंत ऐकली जाऊ शकत होती. याने मंदिराचा अन्याय लवभरही कमी होत नाही. पण देवाचे दार उघडण्याआधी ग्रंथाचे दार किती वर्षे आधी किलकिले झाले होते, ते यातून कळते.

आयुष्याच्या शेवटाशीही ही पोथी जोडलेली होती. १९१८ च्या ऑक्टोबरात शिरडीला साईबाबांचे देहावसान झाले. त्याआधीच्या दिवसांत त्यांनी एका भक्ताकडून ‘रामविजय’ वाचून घेतला, असे ‘श्रीसाईसच्चरित’ सांगते. एकदा पुरा झाला, तर पुन्हा वाचायला सांगितले. भक्त रात्रंदिवस वाचत राहिला आणि थकून गेला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले. चरित्रग्रंथाचा श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी त्या काळच्या रिवाजाची ही बोलकी नोंद आहे. अखेरच्या दिवसांत माणसाला नवे काही ऐकायचे नसते. लहानपणापासून ठाऊक असलेली कथा, तिचा शेवट माहीत असताना, पुन्हा ऐकायची असते. गावोगाव असंख्य म्हाताऱ्यांच्या उशाशी हेच झाले असेल, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत एवढेच.

विसाव्या शतकात मुलांच्या हाती दुसऱ्या मालिका आल्या. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला, ‘चांदोबा’ मासिक आले, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. तो फेणे फुरसुंगीचा, म्हणजे पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या वाटेवरचाच. ही पुस्तके मूल एकटे वाचू लागले, मनातल्या मनात, पांघरुणात. मराठी बालवाचकाला स्वतःचा एकांत मिळाला, हे मोठेच घडले. त्याच वेळी मोठ्याने वाचणारा तो आवाज घरातून कमी होत गेला. आजीही आता साक्षर होती, आणि रेडिओ होता.

मग २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’. ९४ भाग, २४ जून १९९० पर्यंत. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, लोक अंघोळ करून संचासमोर बसत, काही घरांत संचाला हार घातला जाई. वर्तमानपत्रांना हे अद्भुत वाटले. ज्यांच्या घरात ६४ अध्याय समईच्या उजेडात ऐकले गेले होते, त्या पिढीला त्यात अपरिचित असे काहीच नव्हते. सर्वांनी एकत्र बसायचे, ठरल्या वेळी बसायचे, शेवट माहीत असूनही बसायचे. फरक एवढाच की वाचायला आता घरातल्या मुलाची गरज उरली नाही.

जुन्या वाड्यांत आणि शेतघरांत देवघराच्या फळीवर बासनात बांधलेला ‘पांडवप्रताप’ अजून सापडतो. समासात हळदीकुंकवाचे डाग, काही पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, आणि एखाद्या अध्यायापाशी खूण म्हणून घातलेले वाळके बेलपान. पंढरपूरच्या प्रदक्षिणामार्गावरच्या दुकानांत श्रीधरस्वामींचे ग्रंथ आजही मिळतात. त्यांत सहज हाती लागते ती ‘शिवलीलामृता’च्या एकट्या अकराव्या अध्यायाची छोटी पुस्तिका. ज्यांना चौदा अध्यायांचा वेळ नाही ते रोज तेवढा एक अध्याय म्हणतात. तो रुद्राक्षमाहात्म्याचा अध्याय आहे, आणि तो रोज म्हणणाऱ्याची समाप्ती रोजच होते.